ग्लीमा जपायची की ‘व्हायकिंग युद्धकला’ नव्याने रचायची?

लालमाती:
दाढ्या वाढवलेले, अंगभर गोंदवलेले गडी ‘हजार वर्षं जुनी व्हायकिंग युद्धकला’ शिकवतानाचे व्हिडिओ हल्ली सारखे समोर येतात. माझ्या मते त्यातलं बरंचसं अलीकडे जुळवलेलं आहे. व्हायकिंगांनी, म्हणजे उत्तर युरोपातल्या त्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांनी, तलवारीचे डाव लिहून ठेवलेले नाहीत. युरोपातली तलवारबाजीची सर्वांत जुनी उपलब्ध पोथी इ.स. १३०० च्या आसपासची, तीही जर्मन मुलखातली. थडग्यात ढाल सापडते, ती चालवायची रीत सापडत नाही.

जपायचीच तर ग्लीमा, म्हणजे आइसलंडची पारंपरिक कुस्ती जपा. दोघे ताठ उभे राहतात आणि एकमेकांच्या कमरेचा व मांड्यांचा चामडी पट्टा धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पावलं टाकतात. नजर खाली न्यायची नाही, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे. म्हणजे पायाचा डाव दिसत नाही, अंगाला कळावा लागतो! कोपर ते गुडघा यांमधला भाग जमिनीला टेकला की हार. पाडताना अंगावर कोसळणं किंवा रेटून आपटणं हा रडीचा डाव. १९०६ मध्ये अकुरेरीला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हापासून विजेत्याला ‘ग्रेटिरचा पट्टा’ मिळतो; ग्रेटिर म्हणजे आइसलंडच्या जुन्या कथांमधला बलदंड वीर. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा, तसा तो मान.

उत्तरवारा:
पोथीचं मान्य. पण ग्लीमा तरी जशीच्या तशी कुठे उरलीय? तुम्ही कौतुक केलेला तो चामडी पट्टाच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आला. आधी सरळ विजार धरायचे. १९०६ मध्ये आइसलंडवर डेन्मार्कचा राजा होता, स्वराज्याची चळवळ जोरात होती आणि ग्लीमा अस्मितेची खूण झाली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिचं प्रदर्शन करणारा योहानेस योसेफ्सन पुढे अमेरिकेत सर्कशीत खेळ करत होता. त्या कमाईतून त्याने रेक्याविकमध्ये हॉटेल बोर्ग बांधलं, १९३० मध्ये ते उघडलं. तमाशा तेव्हाही होताच की! मग आजच्या दाढीवाल्यांवरच एवढा राग का?

लालमाती:
अहो, योसेफ्सन आधी कसलेला मल्ल होता, सर्कस नंतरची. पट्टा बदलला तरी पायाचे डाव गुरूकडून शिष्याकडे आले. इथे गुरूच नाही, थेट दुकान मांडलंय.

मोकळीपकड:
तुम्ही दोघंही पट्ट्यातच अडकलात. ग्लीमाचे प्रकार तीन: विजार-पकड, पाठ-मिठी आणि मोकळी पकड. स्पर्धांमध्ये मान मिळाला पहिल्याला. मोकळी पकड, जी खऱ्या झटापटीच्या जवळची, ती मागे पडली. आज आइसलंडबाहेरची माणसं ती खेळतात. काही जण थापा मारतात, कबूल. पण चार लाखांच्या आतल्या देशाने एकट्याने किती ओझं वाहायचं?

सईबाई:
शुद्धतेच्या गप्पा चालल्यात म्हणून विचारते, बायकांचं काय? त्यांची राष्ट्रीय स्पर्धा २००० साली सुरू झाली, बक्षीस ‘फ्रेयाचा हार’, फ्रेया म्हणजे तिकडच्या पुराणांतली देवी. परंपरा जशीच्या तशी ठेवली असती, तर त्या पोरी अजून कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत असत्या.

लालमाती:
सईबाई, हे पटलं. बदलाला माझी ना नाही. मोकळी पकडवाल्यांनीही खुशाल खेळावं, फक्त पाटीवर ‘आम्ही नव्याने बसवलेली’ असं लिहावं.

मोकळीपकड:
लिहितो की. मग पट्ट्यावरही साल छापा.