संकेतस्थळावरच्या हलत्या मजकुरासाठी काय वापरावे : जिफ, लॉटी की एसव्हीजी?

शहापूरकर (धागा सुरू करणारे)

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी वाचनालये, पतसंस्था, शाळा आणि उत्सव मंडळे यांच्या संकेतस्थळांवर पहिल्याच पानावर ‘हार्दिक स्वागत’ किंवा ‘वार्षिक सभेची सूचना’ अशी हलती पट्टी असते, आणि ती बहुतेक वेळा जिफ (हलत्या चित्राचा जुना फाइलप्रकार) असते. माझे मत असे की ज्या ॲनिमेशनमध्ये वाचायचा मजकूर आहे, ते जिफमध्ये करू नये आणि शक्यतो लॉटीमध्येही (ॲनिमेशनचा नवा फाइलप्रकार) करू नये. ते एसव्हीजी (रेषा आणि आकार मजकुरात लिहून ठेवणारा चित्रप्रकार) आणि सीएसएस (पानाची मांडणी व हालचाल ठरवणारी भाषा) यांत करावे, आणि मजकूर फाइलमध्ये मजकूर म्हणूनच राहू द्यावा.

जिफ १९८७ सालचे आहे. एका फ्रेममध्ये फार तर २५६ रंग मावतात, आणि पारदर्शकता अर्धवट ठेवता येत नाही. ठिपका एक तर पूर्ण दिसतो किंवा अजिबात दिसत नाही. त्यामुळे रंगीत पार्श्वभूमीवर अक्षरांच्या कडेला जो पांढरट, दातेरी काठ उमटतो, तो देवनागरीत रफार, अनुस्वार आणि चंद्रबिंदू अशा बारीक जागी सर्वांत आधी डोळ्यांत भरतो. वाचकाने पान मोठे केले की तीच पट्टी फुटते. सभेची तारीख बदलली तर ज्याने पट्टी केली त्याच्याकडे पुन्हा जावे लागते. एसव्हीजीमध्ये मात्र संस्थेचा लेखनिकही एक ओळ दुरुस्त करू शकतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी लक्षात घेत नाही. पानाची भाषा मराठी असल्याचे लँग या भाषा सांगणाऱ्या गुणधर्मात ‘एमआर’ असे नोंदवले आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, तर ल आणि श आपोआप मराठी वळणाचे उमटतात. ही सोय फक्त जिवंत, म्हणजे चित्र न केलेल्या, मजकुराला मिळते. एकदा चित्र झाले की ज्या वळणाचे अक्षर टंकले गेले, तेच कायम राहते.

खडेबाजार डीटीपी

शहापूरकर, आपले म्हणणे संकेतस्थळापुरते ठीक आहे, पण आमच्या दुकानात येणारा ग्राहक संकेतस्थळाचे नावसुद्धा काढत नाही. त्याला व्हॉट्सॲपवर पाठवता येईल असे काहीतरी हवे असते, आणि मंडळाचा कार्यकर्ता नंतर तीच फाइल उचलून संकेतस्थळावर टाकतो. एसव्हीजी व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून उघडतच नाही, दस्तऐवज म्हणून जाते. तिथे जिफसुद्धा जिफ राहत नाही, व्हिडिओ होऊनच पुढे जाते. मग आम्ही सरळ एमपी-४ का देऊ नये?

दुसरी अडचण फॉन्टची. जुन्या ग्राहकांचा मजकूर युनिकोडपूर्व (म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांऐवजी स्वतःचे संकेत वापरणाऱ्या) फॉन्टमध्ये टंकलेला येतो, मराठी श्रीलिपीत आणि कन्नड नुडीत. आमच्या भागात एकाच पत्रिकेवर दोन्ही लिप्या लागतात, हे आपल्याला सांगायला नको. तो मजकूर जिवंत ठेवला तर समोरच्याच्या फोनवर निव्वळ कचरा दिसतो. म्हणून अक्षरांच्या बाह्यरेषा करूनच, म्हणजे मजकूर आकारांत बदलूनच, फाइल बाहेर द्यायची, ही आमच्या धंद्याची शिस्त आहे. युनिकोडमध्ये टंकून, निवडलेला फॉन्ट जोडून एसव्हीजी बनवण्याचा प्रयोगही आम्ही केला आहे. पान उघडल्यावर आमचा फॉन्ट गायब आणि फोनचा स्वतःचा फॉन्ट हजर.

शहापूरकर

फॉन्ट गायब होण्याचे कारण निश्चित आहे. एसव्हीजी फाइल पानात ‘आयएमजी’ या चित्र दाखवणाऱ्या टॅगने बसवली की ब्राउझर तिला बाहेरची कोणतीही फाइल आणू देत नाही, फॉन्टसुद्धा नाही. यावर दोन उपाय आहेत. फॉन्टमधील आवश्यक तेवढी अक्षरे एसव्हीजीच्या पोटातच भरावीत, किंवा एसव्हीजीचा सगळा कोड थेट पानाच्या एचटीएमएलमध्ये (पान ज्या भाषेत लिहिले जाते तिच्यात) उतरवावा, म्हणजे पानाला जो फॉन्ट लागू आहे तोच पट्टीलाही लागू होतो. पहिल्या मार्गात सावधगिरी लागते, कारण देवनागरीची जोडाक्षरे ही फॉन्टमधील स्वतंत्र आकृत्या असतात. निष्काळजीपणे काटछाट केली की ‘श्री’ तुटते.

व्हॉट्सॲपसाठी एमपी-४ द्यावे, याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती तीच फाइल संकेतस्थळावर चढवण्याला. नेहमीच्या, एच-२६४ या व्हिडिओ-पद्धतीच्या एमपी-४ मध्ये पारदर्शकता नसते, आणि आवाज बंद ठेवून पानातच चालवण्याचे गुणधर्म दिले नाहीत तर अनेक फोनांवर ती आपोआप सुरूही होत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणणे हे काम तर आज ना उद्या करावेच लागणार आहे.

निपाणीकर

मी ॲनिमेशनचे काम करतो, म्हणून वेगळी बाजू मांडतो. शहापूरकर फाइलचा प्रकार आणि काम करण्याचे साधन यांत गल्लत करत आहेत. सीएसएसमध्ये कीफ्रेम (हालचालीचे टप्पे) हाताने लिहून जी हालचाल होते, ती घसरणे, फिरणे आणि पुसट होणे यांपलीकडे क्वचितच जाते. मंडळाला लेझीम खेळणारा मुलगा हवा असेल, त्याचे खांदे, मनगट आणि झुलणारा शेला वेगवेगळ्या लयीत हलवायचे असतील, तर वेगाचा आलेख डोळ्यांसमोर दिसणारे साधन लागते. अडोबीच्या आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशन प्रणालीत ते असते. त्यातून बॉडीमूव्हिन या प्लगइनने (जोडसाधनाने), जे २०१५ साली आले, ॲनिमेशन जेसन या मजकुरी स्वरूपात बाहेर काढता येते. २०१७ साली एअरबीएनबीने त्यावर आधारित लॉटी फोनसाठी खुले केले. (लॉटी हे नाव लोटे रायनिगर या जर्मन कलावतीवरून आले आहे. तिने कागदी छायाकृती कापून पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट १९२६ सालीच पूर्ण केला होता. आज प्लगइन चालत नाही म्हणून आठवडाभर रडणाऱ्या आम्हा मंडळींनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.)

आकाराबद्दल म्हणाल, तर टेलिग्रामचे हलते स्टिकर हे दाबून लहान केलेले लॉटीच असतात आणि त्यांना ६४ किलोबाइटची मर्यादा आहे. तेवढ्यात तीन सेकंदांचे अस्खलित चित्र बसते. मजकुराचे म्हणाल, तर मी तो आफ्टर इफेक्ट्समध्येच आकृत्यांत बदलतो, कारण लॉटी चालवणारे प्लेअर अक्षरे एकेक करून मांडतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसण्याचा धोका असतो. अंध वाचकासाठी पानात वर्णन लिहिता येते. त्यासाठी प्रत्येक अक्षर जिवंत ठेवण्याचा आग्रह कशाला?

खानापूरच्या बाई

निपाणीकर, ६४ किलोबाइट हे चित्राचे झाले. ब्राउझरमध्ये ते चालवणारा प्लेअर वेगळा उतरवावा लागतो, आणि एका ‘हार्दिक स्वागत’साठी ते ओझे चित्राच्या कितीतरी पट भरते. प्लेअरची हलकी आवृत्ती मिळते हे खरे, तरी कणकुंबी-जांबोटीसारख्या डोंगराळ गावांत पावसाळ्यात मंद इंटरनेटवर पान उघडून पाहा, म्हणजे हे ओझे किती जाणवते ते समजेल. सीएसएसची ॲनिमेशन ब्राउझरला मुळातच येते, वेगळे काही मागवावे लागत नाही.

शिक्षिका म्हणून माझा आक्षेप याहून मोठा आहे. एकेकाळी आमच्या शाळेसाठी फ्लॅश या ॲनिमेशन प्रणालीत केलेले पाठ होते. मुलाने अक्षरावर बोट ठेवले की ते गिरवून दाखवले जाई. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअर थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासे झाले. रफल नावाच्या खुल्या प्रणालीने आज त्यांतले काही पाठ उघडतात, परंतु ज्या मूळ फाइलींतून ते केले होते त्या कोणापाशीच नाहीत. चुकीचे शुद्धलेखन दिसते आहे आणि दुरुस्त करता येत नाही, अशी अवस्था आहे. एसव्हीजी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, ती मुलालाही वाचता येते.

निपाणीकर

बाई, लॉटीही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. जेसन म्हणजे मजकूरच. वाचायला किचकट आहे एवढेच. आणि मानक असले की सगळे टिकते असेही नाही. एसव्हीजीच्या पोटातच हालचाल लिहिण्याची जी स्माइल पद्धत आहे, ती मोडीत काढण्याचा इरादा क्रोमने २०१५ साली जाहीर केला होता. विरोध झाला म्हणून तो मागे ठेवला गेला. ज्यांनी त्या काळात धसका घेऊन सगळे काम नव्याने केले, त्यांना विचारा. टिकते ते मूळ काम जपून ठेवल्याने. आफ्टर इफेक्ट्सची मूळ फाइल ग्राहकाला देणे हा करारातला मुद्दा आहे, फाइलच्या प्रकारातला नव्हे.

शहापूरकर

मूळ फाइल दिली तरी ती उघडायला महिन्याचे भाडे भरावे लागते, हे वाचनालयाला परवडणारे नाही. तेव्हा करारातला मुद्दा म्हणून तो सोडून देता येत नाही. सिनफिगसारखी मोफत साधने आहेत आणि त्यातूनही लॉटी बाहेर काढता येते, एवढे मी मान्य करतो.

मूळ प्रश्नाकडे येऊ. लेझीम खेळणाऱ्या मुलासाठी लॉटी वापरा, माझा विरोध अक्षरांपुरता आहे. ‘हार्दिक’ हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन घटक दिसतात : हा, र्दि, क. संगणकात मात्र ह, काना, र, हलन्त, द, वेलांटी, क अशी सात चिन्हे ओळीने असतात. वेलांटी साठवली जाते द नंतर आणि उमटते त्याच्या आधी, तर द च्या आधी साठवलेला र रफार होऊन त्याच्याच डोक्यावर चढतो. इंग्रजीसाठी केलेली ‘अक्षरे एकेक करून आणा’ ही तयार हालचाल या शब्दाला लावली की अक्षराविना ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली वेलांटी पाहायला मिळते. घटक ओळखून तोडण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. पण जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या फोनवर र् आणि दि वेगळे पडतात.

खडेबाजार डीटीपी

म्हणजे बाह्यरेषा करून हाताने तोडणे हेच बरोबर ठरते, हे आपणच सिद्ध केलेत!

आणि एक प्रकार तर जिवंत मजकुरात होणारच नाही. पाटी रंगवणारा चितारी जसा आधी अक्षरे काढतो आणि शेवटी शिरोरेखा ओढतो, तशी अक्षरे लिहिली जाताना दाखवायची असतील, तर फॉन्टच्या बाह्यरेषेवरून रेघ फिरवून चालत नाही. अक्षराची नुसती किनार काढली जाते. आम्ही अक्षराच्या मध्यातून वेगळी जाड रेघ काढतो, तिचा मुखवटा करतो (म्हणजे तिच्याखालचाच भाग दिसू देतो) आणि ती रेघ हळूहळू पुढे सरकवतो. ‘श्री’ लिहिताना पेनाची दिशा कुठे वळते, हे कोणत्याही साधनाला आपोआप कळत नाही.

शहापूरकर

हे काम मला मनापासून आवडते आणि तेही एसव्हीजीतच उत्तम होते. पण ते सुलेखन झाले. संस्थेच्या नावासाठी जरूर करावे आणि खाली वर्णन द्यावे. सभेची तारीख, वेळ आणि विषयपत्रिका यांची अक्षरे मात्र तोडूच नयेत. शिरोरेखा शब्दाला बांधून ठेवते. अक्षरे सुटी करून नाचवली की ती जागोजागी तुटते आणि वाचणे अवघड होते. हलवायचा तर पूर्ण शब्द हलवावा.

टिळकवाडीचे वाचक

आपण सारे कसे हलवावे यावर बोलत आहात. मला हलत्या पट्टीने भोवळ येते. फोनमध्ये हालचाल कमी करण्याचा पर्याय मी निवडलेला आहे. सीएसएसमध्ये ‘प्रिफर्स रिड्यूस्ड मोशन’ ही अट लिहिली असेल तर ती पट्टी माझ्यासाठी स्थिर राहते. जिफ काही ऐकत नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलणारी गोष्ट थांबवण्याची सोय असावी, असे वेब सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांतच आहे.

निपाणीकर

हा मुद्दा रास्त आहे. लॉटीलाही ती अट तपासून पहिल्या फ्रेमवर थांबवता येते, फक्त ते पान बांधणाऱ्याने लिहावे लागते, आणि बहुतेक जण लिहीत नाहीत.

खडेबाजार डीटीपी

शहापूरकर, एक शेवटचे विचारतो. आमची पट्टी मराठी आणि कन्नड अशी दुहेरी असते. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली बसते. आपण सांगितलेला २०२३ चा नियम त्यालाही लागू होतो का?

शहापूरकर

नाही. त्या आवृत्तीत देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्या होत्या, कन्नड नव्हती. म्हणून कन्नड ओळ अक्षराअक्षराने तोडू नका, दोन्ही ओळी शब्दाशब्दाने आणा. कन्नड ओळीला लँग गुणधर्म ‘केएन’ असा वेगळा द्या, नाहीतर वाचून दाखवणारे यंत्र ती मराठी समजून वाचायला जाईल.