मदत हवी आहे: काट्यात टिकेल असा पाँचो आणि आतून लावायचं लायनर, काय घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा लांब झालं आहे, सांभाळून घ्या.

मला पाँचो घ्यायचा आहे, रेनकोट नाही. म्हणजे डोक्यातून घालायचा, चारी बाजूंनी सुटा, कडेला टिचबटणं असलेला. राहतो नागपुरात काटोल नाक्याकडे आणि मामांचा संत्र्याचा बगीचा आहे काटोलच्या पुढे, सुट्टीच्या दिवशी तिकडंच असतो. पावसाळ्यात आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची) फळं झाडावर असतात, ऑगस्ट-सप्टेंबरात गळ लागली की खाली पडलेली फळं वेचून बगीच्याबाहेर काढावी लागतात, पाणी तुंबलं तर चर मोकळे करा, त्यामुळे पाऊस उघडायची वाट पाहत बसलं तर झालंच काम. रेनकोट घालून पाहिला, पण या उकाड्यात अर्ध्या तासात आतून घामानंच ओला होतो माणूस, मग कशाला घालायचा. पाँचोत निदान खालून हवा खेळते.

अडचण आहे काट्यांची. ज्यांना वाटते संत्र्याला काटे नसतात त्यांनी पानसोट (झाडावरचे सरळसोट वांझ फुटवे) काढायला एकदा या, किंवा ज्यावर संत्र्याचं कलम करतात त्या जंबेरी लिंबाच्या खुंटावर फुटवे येतात त्यात हात घालून पाहा. सीताबर्डीवर मिळतात त्या पातळ प्लास्टिकच्या बरसात्या दोन ओळी फिरेपर्यंत फाटतात. मामा तर अजून पोत्याची खोळच घेतात आणि वरून मलाच हसतात.

दुसरं म्हणजे लायनर. हिवाळ्यात हरभऱ्याला रानडुकरांचा त्रास आहे म्हणून जागलीला जावं लागते, कधी रात्रीची लाईट असते तर ओलित करायला. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते पण २०१८ च्या डिसेंबरात पारा साडेतीन अंशांवर आला होता, आणि उघड्या वावरात तर विचारूच नका. त्यात फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी. म्हणून वाटलं एकच पाँचो, पावसाळ्यात नुसता, हिवाळ्यात आतून लायनर बांधून. अमेरिकन सैन्याचं असते ना तसं, व्हिएतनाम युद्धापासून वापरात आहे, तिकडं त्याला वूबी म्हणतात, नायलॉनच्या दोन थरांत पॉलिएस्टरची भर आणि कडेला नाड्या.

तर विचारायचं हे की कापड कोणतं घेऊ, ३००० मिमी आणि १०००० मिमी लिहिलेलं असते त्यात खरंच फरक पडतो का, आणि लायनर जोडीचंच घ्यावं की वेगळं चालते? बजेट दोन्ही मिळून तीन हजार, थोडं वर गेलं तरी जमते. ऑनलाइनच्या स्टार पाहून घ्यायला मन होत नाही.

*

प्रतिसाद १

भाऊ, आधी मिमीचं सांगतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते झिरपायला लागते तो आकडा असतो तो. ३००० म्हणजे तीन मीटर पाणी. अंगावर पडणाऱ्या पावसाला तेवढं भरपूर झालं. दाब येतो कुठं, तर खांद्यावर बॅगेचा पट्टा घासतो तिथं आणि ओल्या जागी बसलं की बुडाखाली. आणि बहुतेक पाँचो कापडातून गळतच नाहीत, शिवणीतून गळतात, म्हणून १०००० साठी जास्त पैसे देण्यापेक्षा शिवणीवर आतून टेप नीट मारली आहे का ते पाहा.

कापडात तुम्हाला सिलनायलॉन सांगणारे बरेच भेटतील. हलकं असते, मुठीत मावते, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असल्यानं कोटिंग सहसा सोलत नाही, सह्याद्रीत पाठीवर वजन घेऊन फिरणाऱ्याला एकदम बरोबर. पण तुमच्या काट्यात ते पातळ कापड टिकणार नाही, आणि फाटलं तर सिलिकॉनवर सिलिकॉनच चिकटते, दुसरा गोंद धरत नाही. तुम्ही २१० डेनियरच्या (धाग्याच्या जाडीचा आकडा) आसपासचं पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या कोटिंगवालं ऑक्सफर्ड कापड पाहा, जमलं तर रिपस्टॉप विणीचं, त्यात चौकटीचे जाड धागे असतात म्हणून काटा घुसला तरी चीर पुढं पळत नाही. वजन अर्ध्या किलोच्या वर जाते, चालायचंच.

पीयूचा शत्रू मात्र आपलं नागपूरच आहे. हे कोटिंग ओल आणि उष्णता एकत्र आली की विघटन होऊन चिकट होते, वास मारते, मग पापुद्रे निघतात. लोक सप्टेंबरात अर्धवट ओला पाँचो घडी करून पिशवीत घालतात, पिशवी जाते टिनाच्या खोलीत, वर मे महिन्यातलं ४५ डिग्री. जूनमध्ये उघडला की घड्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि शिव्या कंपनीला. सावलीत पूर्ण वाळवा आणि घडी न करता हँगरला लटकवा, घरातल्या त्यातल्या त्यात थंड खोलीत.

दुकानात घेत असाल तर खांद्याच्या शिवणीचा खोलगट खळगा करा, त्यात पेलाभर पाणी ओता, खाली वर्तमानपत्र ठेवा आणि चहा पिऊन या. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

*

प्रतिसाद २

लायनर विकत नका घेऊ दादा, इथंच शिवून घ्या. माझं शिवणकामाचंच आहे म्हणून सांगते. गांधीबागेत अस्तराचं नायलॉन टाफेटा मिळते, मधे घालायला १०० जीएसएमची (चौरस मीटरला १०० ग्रॅम) पॉलिएस्टर वॅडिंग, आणि कोणताही रजईवाला मशीनवर टिपा मारून देतो. सहा इंचावर आडव्या-उभ्या टिपा मारायला सांगा नाहीतर धुतल्यावर भर एका कोपऱ्यात गोळा होते. कापूस अजिबात नको, दवानं ओला झाला की वाळता वाळत नाही आणि उबही जाते, पॉलिएस्टर भिजलं तरी थोडी ऊब धरून ठेवते.

दोन गोष्टी मात्र शिंप्याला समजावून सांगा. एक, लायनर पाँचोपेक्षा सगळीकडून चार बोटं आखूड ठेवा. बाहेर डोकावलं की ती कड पाणी ओढते आणि ते वरपर्यंत चढते. दुसरं, ते जे अमेरिकन लायनर आहे त्याला डोकं घालायला भोकच नसते, ते पांघरायचं असते. तुम्हाला जागलीला बसायचं आहे, तर मधोमध चीर ठेवून तिला टिचबटणं लावून घ्या, झोपताना बंद करता येते.

नाड्या पाँचोला थेट शिवू नका, सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे गळती. पाँचोच्या काठाला आयलेट हवेत, म्हणजे रिंग बसवलेली भोकं. नसतील तर फ्लेक्सचे बॅनर बनवतात त्यांच्याकडे पंच असतो, काठाला आतून त्याच कापडाचा तुकडा दुहेरी लावा आणि मग रिंग मारून घ्या.

*

प्रतिसाद ३

सगळं ठीक, पण काटोल रोडनं गाडीवर जाताना पाँचो घालू नका जी. वाऱ्यानं फुगतो, हँडल ओढतो, कड चेनमध्ये किंवा चाकात जायला वेळ लागत नाही. गाडीवर पँट-जॅकेटच, पाँचो डिकीत.

आणि रंग भगवा नाहीतर पिवळा घ्या. तो मिलिटरी हिरवा दिसायला चांगला आहे, पण सांजेला बगीच्यात माणूस दिसत नाही आणि ट्रॅक्टर मागं घेणारा तुम्हाला झाड समजते. विजा कडाडायला लागल्या तर पाँचो असला तरी झाडाखाली थांबू नका, दामिनी ॲप टाका मोबाइलमध्ये, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, जवळपास वीज पडायची शक्यता असली की सांगते.

*

धागाकर्ता

बाप्पा, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. ताई, चार बोटांचं आणि मधल्या चिरेचं तर माझ्या डोक्यातही आलं नसतं, मी आपला तयार सेट मागवायच्याच बेतात होतो.

मग असं करतो, पाँचो २१० डेनियरचा, ३००० मिमी, पिवळा, काठाला आयलेट असलेला भेटला तर बरं नाहीतर बॅनरवाल्याकडे. लायनर दिवाळीनंतर, आता काही घाई नाही. गाडीसाठी जुना रेनकोट आहेच.

एकच राहिलं. पानसोट काढताना हात वर करावे लागतात, तेव्हा पाँचोची कड वर सरकून बाही भिजते आणि पाणी मनगटापासून पार काखेपर्यंत येते. यावर कोणी काही केलं आहे का? मामा म्हणतात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घाल, पण त्यात कात्री नीट धरता येत नाही.

*

प्रतिसाद २

हातमोजे नको. पाँचोच्याच कापडाची सुटी बाही शिवा, मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. स्वयंपाकघरात भांडी घासताना घालतात तशी. उरलेला तुकडा असला तर अर्ध्या तासाचं काम आहे. मनगटाकडचं इलॅस्टिक जरा घट्ट ठेवा, वरचं सैल.