जुने घर घेण्याआधीची सविस्तर तपासणी: नेमके काय तपासून घ्यावे आणि अहवाल कसा वाचावा?

नवखा_खरेदीदार

घर सुमारे ३२ वर्षांचे आहे. तळमजला आणि वर एक मजला, आरसीसीचे कॉलम-बीम, मध्ये विटांच्या भिंती, वर सपाट गच्ची, पुढे बाहेर काढलेली बाल्कनी. आतून नुकताच रंग दिला आहे. कर्जासाठी मूल्यांकन झाले असून त्यात "बांधकाम समाधानकारक" असा एका ओळीचा शेरा आहे. मध्यस्थ म्हणतो की वेगळी तपासणी कशाला, इंजिनिअर तासाभरात फिरून सांगेल.

प्रश्न असे:
१. मूल्यांकनाचा शेरा पुरेसा आहे का?
२. सविस्तर तपासणी सांगायची तर कामाच्या पत्रात काय काय लिहून घ्यावे?
३. हॅमर टेस्ट, अल्ट्रासॉनिक, कोअर अशी नावे ऐकली. यातल्या खरोखर लागतात कोणत्या?

जाणकारांनी सांगावे.

ओळंबा

१ चे उत्तर: नाही. मूल्यांकन करणारा पाहतो ते तारण ठेवायला मालमत्ता पुरेशा किमतीची आहे का, एवढेच. तो शिडी लावत नाही, चेंबरचे झाकण उघडत नाही, फॉल्स सीलिंगच्या वर डोकावत नाही. त्याचा शेरा खोटा नसतो, पण तुमच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

२ बद्दल. तपासणी कितीही "सविस्तर" म्हटली तरी मालकाची परवानगी नसेल तिथे कुणी काही फोडणार नाही. म्हणून आधी विक्रेत्याकडून लेखी परवानगी घ्या: कोणत्या खोलीत, किती ठिकाणी, केवढ्या आकाराचा गिलावा काढायचा आणि तो परत कोण भरून देणार. नंतर इंजिनिअरच्या पत्रात या गोष्टी नाव घेऊन लिहा: गच्ची, गच्चीची पाण्याची टाकी आणि तिच्याखालचा स्लॅब, बाल्कनीची वरची आणि खालची बाजू, जिन्याखालची जागा, फॉल्स सीलिंगच्या वरचा भाग, भिंतीला टेकलेल्या कपाटांच्या मागच्या भिंती, सगळे चेंबर, जोत्याच्या भोवतीची जमीन. नाव न घेतलेली जागा बहुधा तपासली जात नाही. इंजिनिअर तुम्ही स्वतः नेमा. विक्रेत्याने किंवा मध्यस्थाने सुचवलेला नको.

नवा रंग ही अडचण खरीच, पण लपवायला वाटते तेवढा उपयोगी नाही. खोली अंधारी करून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा प्रकाश टाका. पुट्टीने भरलेला तडा आणि नंतर मारलेला गिलाव्याचा तुकडा उंचवट्यासारखा दिसतो. मग हलक्या हातोडीने ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच वेगळे कळतात. पोकळ जागा खडूने आखून फोटो घ्यायला सांगा.

तडे वाचताना रुंदीइतकीच दिशा महत्त्वाची:

- खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा: पाया असमान खचल्याची शंका. तडा वर रुंद की खाली रुंद, यावरून कोणती बाजू बसली त्याचा अंदाज येतो.
- बीम आणि भिंत यांच्या सांध्यातली सरळ आडवी रेघ: दोन वेगळ्या साहित्यांचा सांधा. बहुतेक वेळा निरुपद्रवी.
- बीमच्या टोकाजवळ सुमारे ४५ अंशांत तिरका तडा: हा गंभीर. पुढची बोलणी थांबवून आधी संरचना अभियंत्याला दाखवा.
- कॉलमच्या कडेने उभी, सळईच्या रेषेत गेलेली भेग, सोबत तपकिरी डाग: आत सळई गंजते आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते, तेच काँक्रीट फोडते.

विटांच्या भिंतीत १ मिमीपर्यंतचा तडा रंगकामात जातो. ५ मिमीपर्यंतचा भरता येतो, पण कारण शोधावे. त्यापुढे दारे-खिडक्या अडकू लागतात, आणि २५ मिमीच्या वरचा तडा म्हणजे संरचनेचाच प्रश्न. काँक्रीटला हे माप लावू नका, तिथे ०.३ मिमीचीही नोंद घेतात. तडा अजून वाढतो आहे का, हे एका भेटीत सिद्ध होत नाही. तरी कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असेल तर तो ताजा; आत रंग किंवा जुनी धूळ असेल तर तडा जुना.

स्लॅब वाकला आहे का, हे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी ताडून पाहता येते. एकूण वाक दोन आधारांमधल्या अंतराच्या १/२५० पर्यंत धरतात, म्हणजे ४ मीटरला १६ मिमी. पण फरशीवरून मोजू नका, फरशी बसवणाऱ्याने उतार झाकलेला असतो. छताच्या खालून मोजा.

कव्हर_चाळीस

३ बद्दल लिहितो. चाचण्यांची नावे मोठी असतात, पण चुकीच्या जागी केल्या तर आकडे निव्वळ शोभेचे.

रिबाउंड हॅमर (हॅमर टेस्ट, पृष्ठभागाचा कडकपणा मोजते): गिलाव्यावर मारून घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. शिवाय जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची क्षारता हळूहळू जाते, त्याने) कडक झालेला असतो, त्यामुळे ताकद आहे त्याहून बरीच जास्त दिसते. एकाच घरातले दोन कॉलम एकमेकांशी ताडून पाहायला ठीक. त्यावरून "एम-२०" अशी काँक्रीटच्या ताकदीची प्रत ठरवून शेरा लिहिलेला अहवाल बाजूला ठेवा.

अल्ट्रासॉनिक (काँक्रीटमधून जाणाऱ्या लहरींचा वेग मोजते): सेकंदाला ४.५ किमीच्या वर वेग उत्तम, ३.५ ते ४.५ चांगला, ३ च्या खाली संशयास्पद. कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंनी घेतलेले वाचन विश्वासार्ह, एकाच बाजूने घेतलेले कमी. सळईच्या रेषेत वेग जास्त येतो, आणि पाण्याने भरलेली भेग लहरींना वाट देते. ओल्या भागातला चांगला आकडा म्हणून फसवा.

हाफ-सेल (सळई गंजते आहे का, हे विद्युतदाबावरून पाहणारी चाचणी): यासाठी एका ठिकाणी सळई उघडी करून तार जोडावी लागते. तांबे-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने −३५० मिलिव्होल्टहून जास्त ऋण वाचन आले तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. −२०० हून कमी ऋण असेल तर गंज नसण्याची तितकीच. मधले वाचन म्हणजे सांगता येत नाही. गंज किती वेगाने चालला आहे हे यातून कळत नाही.

माझ्या मते ३२ वर्षांच्या घराला सगळ्यात उपयोगी चाचणी सगळ्यात साधी आहे: काँक्रीटचा कोपरा छिन्नीने फोडून ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारणे. गुलाबी झाले तिथे काँक्रीट अजून क्षारीय, म्हणजे कार्बोनेशनपुरती सळई सुरक्षित. रंग आला नाही तिथे कार्बोनेशन पोचले. ती खोली मिमीत मोजा आणि शेजारी कव्हर, म्हणजे सळईवरची काँक्रीटची जाडी, मोजा. कार्बोनेशन वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात पुढे सरकते. ३२ वर्षांत २० मिमी झाले असेल तर २५ मिमीला ते ५० व्या वर्षी पोचेल, म्हणजे अजून १८ वर्षांनी. स्लॅबचे कव्हर बहुधा १५ ते २० मिमी, बीमचे २५, कॉलमचे ४०. तेव्हा याच २० मिमीचा अर्थ स्लॅबसाठी "पोचले", बीमसाठी "लक्ष ठेवा" आणि कॉलमसाठी "अजून पुष्कळ वेळ" असा तीन प्रकारे होतो. अट एकच: संरचनेच्या नकाशावरचे कव्हर धरू नका, कव्हर मीटरने जागेवर मोजा. कॉलमला ४० ऐवजी १५ निघणे अजिबात दुर्मीळ नाही.

तापमापी

एवढी फोडाफोड कशाला? थर्मल कॅमेरा आणला की ओल, गळती, पोकळ्या सगळे बसल्या जागी दिसते.

कव्हर_चाळीस

@तापमापी, कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभागाचे तापमान दिसते. ओली जागा बाष्पीभवनाने थंड होते म्हणून दिसते, तीही आत-बाहेर तापमानात फरक असेल तेव्हाच. आठवडाभर पाऊस नसेल तर कोरडी पडलेली गळती दिसणार नाही. आणि गंजकी सळई कधीच नाही. कुठे ठोकून पाहायचे ते ठरवायला कॅमेरा जरूर आणा.

निचरा

ओलीचे कारण चुकले की सगळा खर्च वाया, म्हणून थोडे सविस्तर.

जमिनीतून चढणारी ओल साधारण १ मीटरपर्यंत असते आणि वरच्या टोकाला क्षारांची (लोणा) पांढरी आडवी रेघ सोडते. २ मीटरवरचा डाग हा तो प्रकार नाही, तिथे पाइप, गच्ची किंवा बाहेरची भिंत पाहा. बाहेरची जमीन किंवा फरसबंदी डीपीसीच्या (जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराच्या) वर आली असेल तर तो थर असून नसल्यासारखा. पावसानंतर वाढणारा डाग बाहेरून येतो, पाऊस असो-नसो तसाच राहणारा पाइपातून. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी असेल तर बहुधा हवेतलीच वाफ. खात्री करायला ३० सेंमी चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी टेपने भिंतीला चिकटवा. दिवसभराने थेंब खोलीच्या बाजूला आले तर वाफ, मागे आले तर भिंतच ओली.

दोन पिनांचा मीटर लाकडासाठी बनलेला असतो. गिलाव्यात क्षार असतील तर कोरडी भिंतही तो ओली दाखवतो. अहवालात "२८ टक्के ओल" असे भिंतीबद्दल लिहिले असेल तर कोणत्या मीटरने, हे विचारा. कार्बाइड मीटरने, खोलवरचा भुगा काढून घेतलेले वाचन असेल तर धरायला हरकत नाही.

बाथरूमचा ट्रॅप बंद करून २५ मिमी पाणी साठवा, पातळीची खूण करा, २४ तास ठेवा आणि खालचे छत पाहा. गच्चीला ४८ तास. पण २५ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो भार. छताला पोकळ आवाज आला असेल तिथे आणि बाल्कनीवर ही चाचणी करू नये.

सांडपाण्याचा १०० मिमी पाइप मीटरला साधारण १२ ते २५ मिमी उताराने हवा. सगळी झाकणे उघडा, वरून बादलीभर रंगीत पाणी सोडा, पुढच्या चेंबरमध्ये किती वेळात आणि किती आले ते पाहा. चेंबरमध्ये बारीक मुळे दिसली तर पाइपात कॅमेरा घालायलाच हवा.

मेगर

विजेबद्दल थोडक्यात. सगळी उपकरणे काढून ५०० व्होल्टला तारांचे इन्सुलेशन मोजा, किमान १ मेगाओम हवे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. मोजून घ्या, कारण त्यावरचे टेस्ट बटण फक्त त्याची यंत्रणा तपासते, अर्थिंग नाही. सॉकेटची झाकणे दोन-चार ठिकाणी उघडा. कधीकधी न्यूट्रल आणि अर्थ आतच जोडून ठेवलेले असतात, साधा प्लग टेस्टर त्याला "ठीक" म्हणतो. आणि १.५ चौ. मिमी तारेवर ३२ अँपिअरचा एमसीबी दिसला तर तार एमसीबीच्या आधी जळेल.

नवखा_खरेदीदार

सर्वांचे आभार. विक्रेत्याशी बोललो. कोअर (ताकद तपासायला कापून काढलेला काँक्रीटचा नमुना) काढू देणार नाही, पण तीन ठिकाणी हाताएवढा गिलावा फोडायला तयार आहे. कोणती तीन निवडू? वरच्या मजल्यावर एका खोलीत छताला नव्या गिलाव्याचा तुकडा दिसतो, त्याच्या वर गच्चीची टाकी आहे. बाल्कनीत जुन्या फरशीवरच नवी फरशी आहे.

कव्हर_चाळीस

तीन पुरेत, नीट वापरली तर.

पहिली: तो छताचा तुकडा. मधोमध नको, त्याच्या कडेला, अर्धा नवा आणि अर्धा जुना गिलावा येईल असा. सळई दिसेपर्यंत. तारेच्या ब्रशने गंज घासा आणि व्हर्नियरने व्यास मोजा. १० मिमीची सळई ८ मिमी उरली असेल तर क्षेत्रफळ ३६ टक्के गेले, "थोडा गंज" नव्हे.

दुसरी: तळमजल्याचा बाथरूमलगतचा कॉलम, जोत्याच्या थोडे वर. कॉलम सडतो तो बहुधा इथेच. कव्हर आणि फिनॉल्फ्थॅलीन दोन्ही इथे.

तिसरी वाद घालून बाल्कनीत घ्या, आणि वरून घ्या. बाहेर काढलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, त्यामुळे खालून पांढरेशुभ्र छत दिसणे हा कसलाच पुरावा नाही. घराच्या भिंतीला लागून असलेली एक फरशी काढा आणि भिंतीला समांतर तडा आहे का पाहा. जुन्या फरशीवर मसाला आणि नवी फरशी मिळून ४० मिमी वाढले असेल तर चौरस मीटरला सुमारे ८० किलो जास्तीचा भार बसला आहे.

कोअर नाही म्हणजे काँक्रीटच्या ताकदीबद्दल अहवालात ठाम विधान येऊ शकत नाही. आले तर ते कशावरून, ते विचारा. पुढे कधी परवानगी मिळालीच तर एकाच प्रकारच्या भागातून किमान तीन कोअर, आधी कव्हर मीटरने सळई टाळून. सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको.

ओळंबा

अहवाल हाती आला की शेवटून वाचा. "पाहता आले नाही", "झाकलेले होते", "गृहीत धरले आहे" ही वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवा आणि मूळ पत्रातल्या यादीशी जुळवा. टाकीखालचा स्लॅब किंवा बाल्कनीची वरची बाजू त्या कागदावर आली तर तपासणी पूर्ण झालेली नाही. पुन्हा भेट मागा, पत्रात तसे आधीच लिहून ठेवा. प्रत्येक दोषापुढे जागा, फोटो, माप, कारण आणि दुरुस्ती कधीपर्यंत हवी, एवढे हवे. नुसते "योग्य ती दुरुस्ती करावी" असेल तर परत पाठवा.

गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे किती थर आहेत तेही मोजायला सांगा. जुना न काढता १०० मिमीचा नवा थर टाकला असेल तर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वाढले. गच्चीचा दरवाजा पाहिलात तरी कळते: मूळ उंबरठा थरात बुडालेला असतो आणि दाराची खालची कड कापलेली.