अनुभव धागा: ‘फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे नेमकं कुठून?

पूर्वी शर्यतीसाठी जमिनीवर रेघ ओढत, ती स्क्रॅच. कुणाला सवलत म्हणून चार पावलं पुढे उभं करत, बाकीचे रेघेवरून निघत. ‘फ्रॉम स्क्रॅच’, म्हणजे अगदी पहिल्यापासून, तिथून आलं. आता आपण ते केकपासून कंपनीपर्यंत सगळ्याला लावतो. तुम्ही ते कुठे वापरलंत आणि तेव्हा तुमची रेघ नेमकी कुठे होती, ते लिहा. सुरुवात मी करते.

दिवाळीत सासूबाईंना फोनवर सांगितलं, ‘चकल्या फ्रॉम स्क्रॅच केल्या.’ त्यांनी विचारलं, ‘भाजणीसकट?’ भाजणी मी तयार आणली होती. पुढच्या वर्षी चार वाट्या तांदूळ धुऊन पंचावर सावलीत वाळवले. दोन वाट्या हरभरा डाळ, एकेक वाटी उडीद नि मूग, धने-जिरे, सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाजलं. गिरणीत ‘गव्हावर नको, हरभऱ्यावर दळा’ असं सांगायचं, हेही त्यांनीच शिकवलं. डबा घरी आणला तेव्हा कोमट होता.

*

पगाराचं जुनं सॉफ्टवेअर होतं. वरून हुकूम आला, फ्रॉम स्क्रॅच लिहा. जुन्या कोडमधली एक अट कुणालाच कळेना, म्हणून आम्ही ती गाळली. ती कशासाठी होती ते २९ फेब्रुवारी २०२० ला कळलं. लिहिणारा केव्हाच निवृत्त झाला होता. आता मी ‘नव्याने’ म्हणतो, आणि आधी जुनं ओळ न् ओळ वाचतो.

*

न्यू जर्सीत रविवारी मराठी शिकवते. पालक सांगतात, ‘हा अगदी फ्रॉम स्क्रॅच आहे हं.’ त्याच पोराला डब्यात गुळपोळी दिसली की ‘मला पण’ म्हणतं. त्याचा श्रीगणेशा घरीच झालेला असतो.

*

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात घर पडलं. वडिलांच्या एकसष्टीला मी भाषणात म्हणालो, ‘आमच्या माणसांनी सगळं फ्रॉम स्क्रॅच उभं केलं’, आणि आजीला कळावं म्हणून, ‘शून्यातून’. जेवणं झाल्यावर तिने जवळ बसवलं.

‘शून्यातनं कसं रं? जोतं हुतं की.’

मग बोटांवर मोजत राहिली. भिंतीचे दगड निवडून काढले, दोन तुळया धड निघाल्या, उखळ मातीखाली सापडलं. ‘आन् बियाणं शेजारच्या वाडीनं दिलं. ते फेडलं का न्हाई, तुझ्या बापाला इचार.’