दोन बाथरूमना मिळून एकच गॅस गीझर, की प्रत्येकी वेगळा विजेचा?

धागाकर्ता:
टाकीचा गीझर तळातून गळू लागला की बहुधा आतली टाकीच गंजलेली असते, तिची दुरुस्ती होत नाही. २ बीएचकेत त्या जागी पुन्हा विजेचा आणू नये, असं माझं ठाम मत आहे. ड्राय बाल्कनीत पाइप गॅसवरचा, मिनिटाला ६ लिटरचा गीझर लावावा आणि तिथूनच दोन्ही बाथरूमना व सिंकला गरम लाइन द्यावी.

हिशेब करून बघा. नळाचं पाणी २५ अंश, चौघांना प्रत्येकी ३० लिटर ४० अंशाचं पाणी, म्हणजे साधारण २ युनिट विजेइतकी उष्णता. एक घनमीटर गॅस ८ युनिटांचं काम करतो, तेव्हा दिवसाला पाव घनमीटर पुरतो. बिलातले सगळे आकार धरून विजेचा एका युनिटचा दर काढा आणि त्याला ८ ने गुणा. उत्तर गॅसच्या दरापेक्षा मोठं आलं तर गॅस स्वस्त.

ओलाकोपरा:
गुणाकार बरोबर, पण पाइप विसरलात. पाऊण इंची सीपीव्हीसीत (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपात) मीटरमागे पाव लिटर पाणी उभं असतं. ड्राय बाल्कनीपासून बेडरूमच्या बाथरूमपर्यंत वळणं धरून १२ मीटर सहज होतात, म्हणजे दर वेळी ३ लिटर गार पाणी आधी मोरीत. सिंकवर दोन कप धुवायला गरम पाणी येईस्तोवर कप धुऊन झालेले असतात. शिवाय दोन नळ एकदम उघडले की ६ लिटर वाटले जातात, आणि एक बंद केला की दुसरीकडे चटका.

धागाकर्ता:
मग अर्धा इंची टाका, पाणी निम्म्यावर येतं. चटक्यासाठी तापमान स्वतः सांभाळणारं मॉडेल घ्या.

गच्चीखालचा:
अर्धा इंची? वरच्या मजल्यावर? गॅस गीझरचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, पाण्याच्या दाबावर उचलला जातो, तेव्हाच बर्नर पेटतो. साध्या मॉडेलना ०.२ बारच्या आसपास दाब लागतो आणि १० मीटर उंचीला १ बार. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा २ मीटरच वर असेल तर जेमतेम तेवढाच मिळतो, तोही वाहत्या पाण्यात लांब पाइपने खाल्ला. मग गीझर टकटक करत राहतो, पेटत नाही, आणि लोक सेल बदलत बसतात. आधी नळाखाली बादली धरून मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा, मग दुकानात जा.

ठिणगी:
जागा नाही म्हणून कोणी गॅस गीझर बाथरूममध्ये लावणार असेल तर तिथेच थांबा. ५ बाय ७ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये ८ घनमीटर हवा असते. हा गीझर तासाला १२ घनमीटरच्या आसपास हवा ओढतो. प्राणवायू घटला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला ना वास, ना रंग. एक्झॉस्ट फॅन हा उपाय नव्हे, दार बंद असलं की तो धूर चिमणीतून उलटा आत खेचू शकतो. आणि सिलिंडरसाठीचा जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) पाइप गॅसला चालत नाही. जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच.

ओलाकोपरा:
म्हणूनच म्हणतो: दोन्ही बाथरूमना १५ लिटरचे, सिंकला ३ लिटरचा. ६० अंशाचं १५ लिटर पाणी गार पाण्यात मिसळलं की ४० अंशाचं ३५ लिटर होतं, एकाची आंघोळ आरामात.

ठिणगी:
आणि वायरिंग? २ + २ + ३ किलोवॅट म्हणजे ३० अँपिअर. त्यात एसी चालू झाला तर जुन्या इमारतीतल्या मीटरवर मुख्य एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारं बटण) पडणारच. प्रत्येकाला वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसू लागला की वीज तोडणारा स्विच) हवा. हे करायचं नसेल तर मग एकच २५ लिटरचा, दोन बाथरूमच्या सामाईक भिंतीवर.

बाल्कनीवाला:
हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा? वीज साधारण एक तृतीयांश लागते.

ओलाकोपरा:
तो १०० लिटरचा नग ठेवणार कुठे, वॉशिंग मशीनवर? बंगल्यात जरूर बसवा.

गच्चीखालचा:
विजेचा घेणाऱ्यांनी उलटी बाजूही बघावी. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर दाब जास्त, तिथे ८ बार दाब सोसणारी टाकीच घ्या. टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर वर्षाला टाकीऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड काढून बघा. आणि तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात तो बिघाड नव्हे. २५ लिटर पाणी ६० अंशाला ३०० मिलिलिटरहून जास्त फुगतं, ते जाणार कुठे? प्लंबर तिथे बूच मारायला निघाला तर त्याला आधी थांबवा.