अकोल्याहून कणकवली, पण कोल्हापूरमार्गे – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गणपतीला आईच्या माहेरी, कणकवलीजवळ जायचंय. एरवी सरळ कोकण रेल्वे धरली असती, पण आईला आधी अंबाबाईचं दर्शन घ्यायचंय. त्यामुळे कोल्हापूर पक्कं.

कोल्हापूरला थेट दोन गाड्या दिसतात. महाराष्ट्र एक्स्प्रेस रोज आहे, पण भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा असं सगळं फिरून जाते. नागपूर–कोल्हापूर हिंगोली, परभणी, लातूर, पंढरपूरवरून जाते, पण आठवड्यातून दोनच दिवस. कोणती घ्यावी? आईचे गुडघे दुखतात, म्हणून मध्ये गाडी बदलायची नाही.

खरी अडचण पुढे आहे. कोल्हापुरात रूळ संपतात. संस्थानाने १८९१ साली मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू केली, त्यापुढे सह्याद्री काही कुणी ओलांडला नाही. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाचं नुसतं ऐकतोय. म्हणजे घाट आलाच, आणि आईला घाटात गाडी लागते. गगनबावड्यावरून करूळ घाट, की राधानगरी–दाजीपूरवरून फोंडा घाट? एसटी बरी की गाडी ठरवावी?

प्रतिसाद – रंकाळाकर
तारखा जुळत असतील तर नागपूर–कोल्हापूरच घ्या, पुण्याचा वळसा वाचतो. नाही जुळल्या तर महाराष्ट्र आहेच. मिरजेला उतरू नका, दोन्ही गाड्या कोल्हापूरपर्यंत येतात. मध्यवर्ती बसस्थानक स्टेशनपासून जवळच आहे. दर्शनाला रिक्षावाल्याला भवानी मंडप सांगा, आणि त्याच दिवशी पुढे निघू नका. काकूंना एक रात्र पाठ टेकू दे.

कणकवलीला फोंडा घाट सरळ पडतो. गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पुराच्या पाण्याखाली जातो, आणि तुम्ही पावसातच येताय. निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघा : ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ ला तर शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू हायवेसुद्धा बंद होता.

प्रतिसाद – घाटवाट
फोंड्यालाच +१. गाडी ठरवा. एसटीवाला काकूंसाठी दाजीपूरला थांबणार नाही, तुमचा ड्रायव्हर थांबेल. पुढची सीट, रिकामं नाही पण हलकं पोट, आणि उजेडात घाट उतरा. संध्याकाळी तिथे धुक्यात समोरचं वळण दिसत नाही.

परतीला कोल्हापूर नकोच. नागपूर–मडगाव विशेष गाडी कणकवलीला थांबते आणि पनवेल, भुसावळवरून अकोल्याला सोडते. मात्र ती मुदतवाढीवर चालते, तेव्हा तुमच्या तारखांना आहे का ते आधी बघा.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मडगाव गाडी अकोल्याला थांबते हे लक्षातच आलं नव्हतं. फोंडा नक्की केला. राधानगरीकडून कणकवलीला जाणारा, हळू चालवणारा कुणी ड्रायव्हर माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.