पोडियमवर लगोरी मांडायची तर

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी संध्याकाळी ५ ते ७ पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर, मुलांचे जुने गल्लीतले खेळ. मोकळी जागा साधारण ६० बाय ४० फूट. एका बाजूला सी विंगच्या काचा, दुसऱ्या बाजूला कुंड्या. खाली पेव्हर ब्लॉक, त्याखाली वॉटरप्रूफिंग, म्हणून खणायचं नाही. २२ नावं आली आहेत, वय ६ ते १३. कुठले खेळ घ्यायचे, सामान काय लागेल, ते इथेच लिहा म्हणजे सगळ्यांना कळेल.

बी ९०४: लगोरी पाहिजेच. फक्त तो प्लास्टिकच्या चकत्यांचा सेट आणू नका. त्या चकत्यांना वजन नसतं आणि एकीत एक बसायला खाच असते. चेंडू लागला की सगळा मनोरा एकत्र सरकतो, नाहीतर वाऱ्यानेच कोसळतो. चकत्या चार दिशांना उधळल्या तरच रचणाऱ्यांना पळावं लागतं आणि मारणाऱ्यांना वेळ मिळतो. खाचेमुळे तेच होत नाही.

ए ३०१: मग काय वापरायचं दादा? टाइलचे तुकडे आहेत आमच्याकडे, बाथरूमचं काम चालू आहे.

बी ९०४: ताई, बाथरूमच्या टाइल नकोत. वरची झिलई गुळगुळीत असते, सातवी ठेवली की तिसरी घसरते. शिवाय फुटली की कडा ब्लेडसारखी. शहाबादी फरशीचे तुकडे उत्तम, जुन्या मंगलोरी कौलाचे मिळाले तर त्याहून चांगले, कारण ते खरखरीत असतात आणि एकमेकांवर पकड घेतात. सात लागतात. तळाचा मोठ्या माणसाच्या पंजाएवढा, ६ इंच धरा, मग कमी कमी करत वरचा २ इंचांचा. प्रत्येकाची कडा दगडावर घासून बोथट करायची. कौलाचे दोन तुकडे जास्तीचे ठेवा, एखादं दुभंगतंच.

सी १४०२: चेंडू जुना टेनिसचा घ्या, लव गेलेला. रबरी चेंडू पेव्हरवर फार उसळतो आणि पाठीत लागला की वळ उठतो. टेनिसचा ओला झाला तर बदला, भिजला की जड होतो.

बी ९०४: बरोबर. नेम मारायची रेघ लहानांना १० फुटांवर, ९ वर्षांपुढच्यांना १५. प्रत्येकी तीन संधी. लगोरी न फुटता चेंडू एका टप्प्यात झेलला तर नेम मारणारा बाद. फुटली की समोरच्यांनी चेंडू हातात घेऊन पळायचं नाही, फक्त एकमेकांकडे फेकायचा. हा नियम विसरला की एक जण चेंडू घेऊन लगोरीपाशीच उभा राहतो आणि खेळ तिथे संपतो. त्यासाठीच लगोरीभोवती खडूने ६ फूट व्यासाचं रिंगण काढा, मारणाऱ्या बाजूने त्याच्या आत पाय टाकायचा नाही. मारायचं कंबरेखाली, नाहीतर पाठीवर. तोंडावर लागला तर मारणाऱ्या बाजूची पाळी गेली. शिक्षा एवढी कडक असली तरच मुलं नेम खाली धरतात.

ए ७०२: कंबरेखाली म्हटलं तरी सहा वर्षांच्या मुलाची कंबर तेरा वर्षांच्या मुलाच्या मांडीला येते. लहान वेगळे, मोठे वेगळे खेळवा ना.

सी १४०२: वेगळे नकोत वहिनी. एकत्र खेळवा आणि धाकट्यांना लिंबूटिंबू ठेवा. लिंबूटिंबूला चेंडू लागला तरी तो बाद नाही, पण त्याने रचलेली चकती धरली जाते. म्हणजे दोन्ही बाजूंना तो हवासा वाटतो. नुसता बाजूला बसवलेला लिंबूटिंबू दहा मिनिटांत घरी जातो.

सेक्रेटरी: टीम कोण पाडणार? मागच्या वेळी त्यातच अर्धा तास गेला.

ए ११०१: चकायचं. तिघातिघांनी हात मध्ये धरून एकदम पालथा किंवा उताणा टाकायचा, ज्याचा वेगळा तो सुटला. तिघांत हात पडायचे ८ प्रकार होतात आणि त्यातल्या ६ प्रकारांत कोणीतरी एक वेगळा असतोच, त्यामुळे लवकर उरकतं. एकदम दहा जणांनी चकायला घेतलं तर नऊ विरुद्ध एक क्वचित पडतं, म्हणून वेळ जातो. शेवटी दोघेच उरले की आधी सुटलेल्यांपैकी एकाने तिसरा हात द्यायचा. त्याचा हात ज्याच्याशी जुळेल तो राहिला, दुसरा सुटला. दोघांशी जुळला किंवा कोणाशीच नाही जुळला तर पुन्हा. आणि हात टाकून झाल्यावर बोटं फिरवली तर त्याच्यावर थेट राज्य.

डी ५०३: डबा ऐसपैस ठेवा की! पोडियमच्या खांबांमागे लपायला केवढी जागा आहे.

बी ९०४: काकी, तो खेळ ठेवायचा तर आधी एक अडचण सोडवावी लागेल. राज्य असलेल्याने लपलेल्याचं नाव घेऊन डबा आपटायचा असतो. नाव चुकलं तर अंडं फुटलं, राज्य परत त्याच्यावरच. म्हणूनच शर्टांची अदलाबदल करून नुसती बाही दाखवायची युक्ती चालते. आपल्या चार विंगांतल्या मुलांना एकमेकांची नावंच ठाऊक नाहीत. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीत एका इमारतीत ८० खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, मुलं घरात मावतच नव्हती. ती सगळी एका आवारात, त्यामुळे हाक मारून मारून नावं पाठ. नावावर चालणारा खेळ तिथे सहज चालला.

डी ५०३: मग आधी नावांची ओळख करून घेऊ या. गोल उभं करून प्रत्येकाने आपलं आणि डावीकडच्या तिघांचं नाव सांगायचं.

बी ९०४: चालेल. पण एका डावात ८ ते १०च मुलं. त्याहून जास्त झाली की राज्य असलेला डब्यापासून हलूच शकत नाही, कोणीतरी येऊन लाथ मारतंच, आणि बिचारा रडकुंडीला येतो. डबा पत्र्याचा, एक लिटरचा, आत पाच-सहा खडे घालून झाकण घट्ट ठोकलेलं. वाजला की लांबून कळतं. उघड्या तोंडाचा डबा नको, काठ पायाला कापतो. डबा फेकला की राज्य असलेल्याने तो आणून उलट पावली चालत रिंगणात ठेवायचा. इतरांना लपायला तेवढाच वेळ. पण उलट चालताना कुंड्यांकडे जाणार नाही अशा बाजूलाच डबा फेकू द्या.

सेक्रेटरी: लपायच्या जागा ठरवून द्या. पार्किंगच्या रॅम्पवर कोणीही जायचं नाही, गाड्या येतात.

ए ११०१: आणि लिफ्ट बंद. लिफ्ट चालू ठेवली तर पोरं विसाव्या मजल्यावर जाऊन बसतील, शोधणाऱ्याने काय करायचं? फक्त पोडियम आणि दोन्ही जिन्यांचा पहिला टप्पा. 'टाइमप्लीज'ही मर्यादेत ठेवा, एका डावात एकदाच, आणि चप्पल तुटली किंवा लागलं तरच. पकडला जातोय असं दिसलं की टाइमप्लीज म्हणायचं, याला परवानगी नाही.

सी ६०१: विटी-दांडू?

बी ९०४: पोडियमवर नको. कोललेली, म्हणजे दांडूने उडवलेली, विटी कुठे जाईल ते खेळणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि समोर काचा. महापालिकेच्या मैदानावर वेगळा दिवस ठेवू. तिथे गल, म्हणजे विटी आडवी ठेवायचा खड्डा, खणता येते, ४ इंच लांब, दीड इंच रुंद, दोन्ही बाजू तिरक्या. पेव्हरवर दोन विटा शेजारी ठेवून मध्ये फट सोडली तरी कोलता येतं, पण दांडू विटेला अडकतो आणि मनगट दुखावतं.

ए ३०१: सुताराकडून करून घ्यायची तर मापं द्या, मी आजच सांगते.

बी ९०४: दांडू २ फूट, हातात मावेल इतका जाड, सव्वा इंच. विटी ५ इंच, दोन्ही टोकांना शेवटचा एक इंच निमुळता. निमुळतेपणा दोन्हीकडे सारखा पाहिजे, नाहीतर टोला मारताना विटी सरळ उडायच्या ऐवजी आडवी फिरते. टोक अगदी पेन्सिलीसारखं करू देऊ नका, सुपारीएवढं बोथट ठेवायला सांगा. लाकूड बाभळीचं किंवा चिंचेचं. फर्निचरचे उरलेले प्लायचे तुकडे सुतार पुढे करेल, ते घेऊ नका, दुसऱ्या टोल्याला पापुद्रे सुटतात.

सी १४०२: मोजायची पद्धत मुलांना आधी शिकवायला हवी. विटी पडली तिथून गलीपर्यंत दांडूने मोजत यायचं: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वई, झक्कू. झक्कूनंतर परत वकट. शेवटचं माप जे येईल त्यावर पुढचा टोला कसा मारायचा ते ठरतं. पहिले चार शब्द तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या आकड्यांशी किती जुळतात ते मुलांना जरूर सांगा. गल्लीतल्या खेळात एवढी भाषा साठलेली आहे हे त्यांना कळलंच पाहिजे. मात्र डोळ्यावर विटी ठेवून उडवायचा प्रकार गाळा, बाकीचे चालतील.

डी ५०३: आणि भोवरा? सावंतवाडीचे लाकडी भोवरे आहेत आमच्याकडे आठ-दहा.

ए ११०१: आणा काकी, नक्की आणा. पण आर, म्हणजे खालचं टोक, बघून आणा. सावंतवाडीच्या रंगीत भोवऱ्यांत काही नुसते हाताने फिरवायचे असतात, त्यांना लाकडाचंच टोक असतं, ते जाळीवर, म्हणजे गुंडाळायच्या दोरीवर, चालत नाहीत. खिळ्याची आर असलेले वेगळे काढा. टोकदार खिळा पेव्हरच्या फटीत अडकून भोवरा उडतो, म्हणून कानशीने आर गोल करून घ्या. भोवरा फिरताना थरथरला तर आर मधोमध नाही असं समजा. ती ठोकून सरळ होत नाही, काढून नव्याने बसवावी लागते.

ए ७०२: जाळी कुठली घ्यायची? मागे नायलॉनची नाडी आणली होती, गुंडाळली की सुटूनच येत होती.

ए ११०१: नायलॉन घसरते वहिनी. सुती, सुतळीहून थोडी बारीक, सव्वा ते दीड मीटर. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला सोड्याच्या बाटलीचं बूच भोक पाडून ओवायचं. ते मधल्या दोन बोटांत अडकवलं की झटका देताना दोरी हातातून सुटत नाही. गुंडाळायची सुरुवात आरीपाशी, तिथून वर, वेढ्याला वेढा चिकटून. वेढे एकमेकांवर चढले की भोवरा उलटा पडतो. सुरुवातीचे दोन वेढे ओल्या बोटाने दाबले तर पक्के बसतात. शिकणाऱ्याला आधी जमिनीवर फिरवू द्या, हातजाळी, म्हणजे भोवरा हवेतच हातावर झेलणं, नंतर. आणि गुच्चा मारायचा खेळ या वेळी नको, दुसऱ्याच्या भोवऱ्यावर आर मारताना पाय मध्ये येतात.

सी ६०१: मुलं क्रिकेट मागणारच.

बी ९०४: शेवटची २० मिनिटं द्या, अंडरआर्म. एक टप्पा पडून एका हाताने झेलला तरी बाद. काचेला थेट लागला तर बाद, आणि चेंडू फटकावणाऱ्यानेच आणायचा. जागा अरुंद म्हणूनच हे नियम झाले आहेत. सुनील गावस्कर ताडदेवच्या चिखलवाडीत वाढले, तिथेही इमारतीच्या आवारातच खेळ चाले. आडवा फटका बाद, एवढा एक नियम लावला तरी मुलं सरळ बॅटने खेळायला शिकतात.

सेक्रेटरी: छान. रेघा कशाने मारायच्या? हाउसकीपिंगवाले विचारत आहेत.

डी ५०३: गेरू आणते.

सी १४०२: काकी, गेरू पेव्हरच्या छिद्रांत जाऊन बसतो, आठवडाभर निघत नाही. साधा पांढरा खडू आणा, दोन पाकिटं. लगोरीचं रिंगण, नेमाच्या दोन रेघा, डब्याचं रिंगण आणि ठिकरीची आठ घरं, एवढ्याला पुरतो. ठिकरीची घरं दीड फुटांची काढा, एक फुटाची काढली तर मोठ्या मुलांचं पाऊल रेघेवरच पडतं.

ए ३०१: शहाबादी फरशीचे तुकडे गेटबाहेर काम चाललंय तिथे दिसले. विचारून उद्या नऊ आणते. कडा घासायला कोणाकडे कानस आहे का?

ए ११०१: माझ्याकडे आहे ताई, पण ती आरीसाठी लागेल, दगडावर बोथट होईल. फरशी खाली काँक्रीटच्या पायरीवर पाणी टाकून घासा, एका तुकड्याला पाच मिनिटं लागतात.